रोज दोन तास ऐकते, तरी जर्मन कानात शिरत नाही

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका परिचारिकेचं पत्र आलं आहे. वय सव्वीस. जर्मनीतल्या रुग्णालयात नोकरी मिळावी म्हणून ती दीड वर्ष जर्मन शिकते आहे. गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेत तिचं वाचन आणि लेखन सुटलं, बोलण्यात काठावर पास झाली, श्रवणात मात्र 47 गुण मिळून नापास. ती लिहिते, 'ड्युटीला जाता-येता बसमध्ये रोज दोन तास जर्मन पॉडकास्ट ऐकते. रात्री इंग्रजी सबटायटल लावून मालिका बघते. वहीत प्रत्येक शब्दावर देवनागरीत उच्चार लिहिला आहे. मॅडम म्हणतात, ऐकत राहा, कान आपोआप उघडेल. क्लासमधली मुलं म्हणतात, माझं जर्मन मराठीसारखंच वाटतं. आपली जीभच तशी आहे का? एखाद्या जर्मन माणसाकडे महागडा उच्चारवर्ग लावू, की श्रवण मागे ठेवून बी-टूचा, म्हणजे पुढच्या पातळीचा, क्लास सुरू करू?'

आधी त्या 47 गुणांकडे बघू. बी-वनच्या श्रवणात 30 प्रश्न असतात आणि पास व्हायला 60 टक्के, म्हणजे 18 बरोबर यावे लागतात. तुमचे 14 बरोबर आले. चार प्रश्न कमी पडले. शिवाय बी-वनची चारही मॉड्यूल स्वतंत्र असल्यामुळे तुम्हाला फक्त श्रवण पुन्हा द्यायचं आहे. दीड वर्ष पाण्यात गेलं असं पत्रभर जाणवतं, पण ते गुणांवरून दिसत नाही. बी-वनच्या वाचनात पास होणाऱ्या माणसाकडे शब्द असतात, व्याकरण असतं. त्याच शब्दांचे आवाज मात्र तुमच्याकडे नाहीत.

आता मॅडमच्या सल्ल्याबद्दल. 'ऐकत राहा, कान उघडेल' हे लहान मुलाबाबत खरं आहे. सव्वीस वर्षं मराठी ऐकलेला कान नवा आवाज आला की त्याला जवळच्या मराठी आवाजाच्या खणात टाकून देतो आणि पुढे जातो. बसमध्ये इंजिनाचा आवाज चालू असताना दोन तास पॉडकास्ट ऐकलं, तर ओळखीचे शब्द पुन्हा ओळखीचे होतात आणि अनोळखी आवाज रोज त्याच चुकीच्या खणात पडतात. आपण काय चुकीचं ऐकलं हे कुणी सांगतच नाही. उत्तरं न तपासता गणितं सोडवत राहावं तसं हे आहे. इंग्रजी सबटायटलचं तर विचारूच नका. डोळे वाचायला लागले की कान काम थांबवतो. मालिका बघायचीच तर एक प्रसंग आधी सबटायटलशिवाय, मग जर्मन सबटायटल लावून, आणि मग पुन्हा सबटायटलशिवाय बघा. चार मिनिटांचा एक प्रसंग एका रात्रीला भरपूर झाला.

म्हणून दोन तासांचे चाळीस मिनिटं करा, पण ती टेबलाशी बसून, वही-पेन घेऊन. सुरुवात चुकांचं निदान करण्यापासून करू. ज्याचा लिखित मजकूर उपलब्ध आहे असा साधारण 45 सेकंदांचा ऑडिओ घ्या. गोएथेचे सराव संच मोफत मिळतात. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा ए-वन ते बी-वनचा व्हिडिओ अभ्यासक्रमही मोफत आहे आणि त्यात संवाद लिहिलेले आहेत. एकदा सलग ऐका, काही लिहू नका. मग एकेक वाक्य थांबवून, जर्मन स्पेलिंगमध्ये, ऐकू आलं तसं लिहा. एका वाक्याला तीनच संधी. त्यानंतरही अडलं तर अंदाजाने काहीतरी लिहाच, मोकळी जागा सोडू नका, कारण चुकीच्या अंदाजावरूनच कान काय करतो ते कळतं. शेवटी मूळ मजकूर समोर ठेवून लाल पेनने तपासा.

प्रत्येक लाल खुणेजवळ कारण लिहा. कारणं चारच निघतात. एक, शब्दच माहीत नव्हता. दोन, शब्द माहीत होता, पण कानाने ओळखला नाही. तीन, दोन शब्दांचा जोड कुठे आहे ते कळलं नाही. चार, सगळं ऐकू आलं, पण अर्थ लागेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलं. असे सहा-सात उतारे झाले की तुमचा कल दिसायला लागेल. पहिलं कारण जास्त असेल तर शब्दसंग्रह वाढवा, श्रवणाला दोष देऊ नका. तुमच्या पत्रावरून, विशेषतः त्या वहीवरून, दुसरं आणि तिसरं कारण बळावलेलं असावं असं वाटतं.

ती वही आता बंद करायची आहे. देवनागरी ही उच्चाराशी प्रामाणिक लिपी आहे, पण ती मराठीच्या उच्चारांशी प्रामाणिक आहे. जर्मनमध्ये 'राज्य' आणि 'शहर' हे दोन्ही शब्द तुमच्या वहीत 'श्टाट' असेच लिहिलेले असतील. खरा फरक असा की 'राज्य'मधला आ लांब आहे आणि 'शहर'मधला आ आखूड. आखूड म्हणजे आपला अ नव्हे. आ म्हणायला तोंड उघडायचं आणि लगेच तोडायचं. मराठीत हा आवाज नाही, म्हणून लिपीत त्याला अक्षर नाही, म्हणून वहीत फरक उरत नाही, आणि वहीत नाही तो कानातही येत नाही. इ आणि उ यांचंही तेच. 'दिन' आणि 'दीन' आपण वेगळे लिहितो, पण बोलताना बहुतेकांचा उच्चार एकच असतो. जर्मनमध्ये 'भाडं' आणि 'मध्य' या दोन शब्दांत फरक फक्त इ लांब की आखूड एवढाच आहे.

देवनागरीऐवजी जर्मन शब्दावरच खुणा करा. आघात, म्हणजे जोर, असलेला स्वर लांब असेल तर त्याखाली रेघ, आखूड असेल तर टिंब. डूडेन हा जर्मनांचा प्रमाण शब्दकोशही हीच पद्धत वापरतो, त्यामुळे खूण करताना अंदाज लढवायची गरज नाही, तिथे बघून घ्या. बरेचदा स्पेलिंगच सांगतं: स्वरापुढे एकच व्यंजन दोनदा लिहिलं असेल तर स्वर आखूड, स्वरापुढे एच असेल किंवा स्वरच दोनदा लिहिला असेल तर लांब.

उमलाउट, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेले स्वर, हा तुमच्या कामातला नाजूक भाग. 'भाऊ' एक की अनेक, 'आई' एक की अनेक, हे फक्त यू अक्षरावरच्या टिंबांनी ठरतं. 'छापणे' आणि 'दाबणे' यांतही तेवढाच फरक, आणि पोट दाबून बघताना तुम्हाला दुसरा शब्द लागणार आहे. हा स्वर काढायची रीत अशी: आरशासमोर 'ई' म्हणा आणि आवाज चालू ठेवा. जीभ जागची हलू न देता फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. आपल्याकडे होणारी चूक म्हणजे ओठांबरोबर जीभही मागे जाते आणि 'यू' निघतो. तपासायला सोपं आहे. स्वर धरून ठेवून ओठ पुन्हा फाकवा. स्वच्छ 'ई' ऐकू आला तर जीभ बरोबर जागी होती, 'यी' किंवा 'उ' आला तर ती घसरली होती. ओ अक्षरावरच्या टिंबांसाठी हीच कृती 'ए'पासून सुरू करा आणि ओठ 'ओ'चे करा. सुरुवातीला प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा. गालाचे स्नायू दुखले तर बरोबर चाललं आहे असं समजा.

शब्दाच्या शेवटचा र हा श्रवणातला मोठा सापळा आहे. रुग्ण तुम्हाला 'श्वेस्टर' म्हणून हाक मारेल अशी तुमच्या कानाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ऐकू येईल 'श्वेस्टा', शेवटी हलका आ. जर्मनमध्ये शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी येणारा र बहुतेकदा असा स्वरात विरतो. तुम्ही खणखणीत र ची वाट बघत बसता आणि तेवढ्यात तीन शब्द निघून जातात. उलट, शेवटी नुसतं ई हे अक्षर असेल तर आपण वहीत 'बिट्टे', 'डांके' असं ए लावून लिहितो, तेही चूक. तो स्वर 'केलं', 'गेलं'च्या शेवटच्या स्वरासारखा आहे: 'बिटं', 'डांकं'. आता 'बिटं' म्हणजे 'कृपया' आणि 'बिटा' म्हणजे 'कडू'. लिंग आणि विभक्ती दाखवणारे कितीतरी प्रत्यय याच दोन आवाजांवर उभे आहेत, म्हणजे इथे कान चुकला की व्याकरणही चुकतं.

'मी' या अर्थाच्या शब्दाचा शेवट तुम्ही 'इश' करता की 'इख'? दोन्ही जवळपास आहेत, पण नेमके नाहीत. 'ही' शब्दातला ह जोरात, फक्त श्वासाने, जिभेचा मधला भाग वर ठेवून काढा. आ, ओ, उ यांच्यानंतर मात्र तीच सी-एच ही अक्षरं घशात घासून येतात. तिथे आपला ख चालत नाही, कारण ख म्हणताना जीभ मागे टेकते. टेकू न देता घासा. नाहीतर 'रात्र' हा शब्द 'नग्न'च्या फार जवळ जातो.

आता जिभेचा प्रश्न. मराठी जीभ जर्मनसाठी वाईट नाही, काही ठिकाणी तर ती इतर भारतीय भाषकांपेक्षा पुढे आहे. 'चाक', 'चमचा' यांतला च हा जर्मन झेड अक्षराचा उच्चार आहे. 'वेळ' या अर्थाचा शब्द इंग्रजीच्या सवयीने 'झाइट' वाचू नका, तो 'चाइट' आहे, चाकाचा च घेऊन. स्वराआधीचा एस 'जाड'मधल्या ज सारखा, फक्त जीभ न टेकवता, मधमाशीच्या गुंजनासारखा. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क थोडा श्वास सोडून म्हणायचे असतात, आणि प-फ, क-ख हा भेद तर आपण पाळण्यापासून करतो. आकड्यांचं म्हणाल तर जर्मन 34 म्हणजे 'चार-आणि-तीस', आणि आपलं 'चौतीस'ही आधी चारच सांगतं. गडबड होते ती मध्ये इंग्रजी आणल्यामुळे. जर्मन आकडा ऐकताना मनात मराठी आकडा म्हणा, इंग्रजी वगळा. वेळेचंही तसंच. 'हाल्ब ड्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. 'फिर्टल फोर' म्हणजे पावणे, 'फिर्टल नाख' म्हणजे सव्वा. 15 आणि 50 मध्ये मात्र सावध राहा: पहिल्याचा शेवट लांब 'चेऽन', दुसऱ्याचा झटक्यात 'चिश'. औषधाच्या मात्रेच्या वेळी शंका आली तर 'एक-पाच की पाच-शून्य' असं सुटे अंक म्हणून विचारा.

काय सुधारायचं नाही तेही सांगते. सुरुवातीचा र घशातून काढायचा अट्टहास सोडा. बव्हेरियात आणि स्वित्झर्लंडमध्ये कितीतरी लोक जिभेचाच र म्हणतात, तुमचा मराठी र तिथे सहज चालेल. ट-ड थोडे कडक येतात, येऊ द्या. क्लासमधल्या मुलांना ते 'मराठी' वाटेल, रुग्णाला अर्थ कळेल. अर्थ बिघडतो तो स्वराच्या लांबीने, उमलाउटने आणि आघाताने. 'उमफारेन' या एकाच शब्दात आघात पहिल्या अक्षरावर दिला तर 'गाडीने उडवणे' आणि दुसऱ्यावर दिला तर 'वळसा घालून जाणे' असा अर्थ होतो. मराठीत आघाताला एवढं वजन नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो. जर्मन कानाला त्यात शब्द सापडत नाही.

कान तयार करायला जोड्यांचा सराव करा. वर सांगितलेल्या फरकांच्या दहा जोड्या निवडा. फोर्वो या संकेतस्थळावर एकाच शब्दाचे वेगवेगळ्या माणसांनी केलेले उच्चार मिळतात. प्रत्येक शब्दाचे तीन-चार आवाज जमवा, बाई-पुरुष दोन्ही. घरातल्या कुणाला तरी ते उलटसुलट लावायला सांगा आणि कोणता शब्द होता ते तुम्ही कागदावर टिपा. वीसपैकी अठरा बरोबर, असं सलग दोन दिवस आलं की ती जोडी सोडून पुढची घ्या. एकाच आवाजावर सराव केला तर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, स्वराला नाही. 1990च्या दशकात जपानी भाषकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ओळखायला असंच अनेक आवाजांतून शिकवलं गेलं. शिकवलं फक्त ऐकायला, पण त्यांचा उच्चारही सुधारला. म्हणून उच्चारवर्ग आणि श्रवणसराव या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका.

शब्दांचे जोड कळत नाहीत, याचं कारण वर्गात प्रत्येक शब्द सुटा ऐकायची सवय. 'तुम्हाला दुखतंय का' विचारताना सुरुवातीचं 'हाबेन झी' बोलण्यात 'हाम्झी' होतं, 'हास्ट डू'चं 'हास्टू', 'आइनं'चं नुसतं 'नं'. डॉइचे वेलेच्या संथ बातम्या ऐकायला छान आहेत, पण त्यात शब्द बी-टू आणि त्यावरच्या पातळीचे आणि उच्चार सगळे सुटे-स्वच्छ. संथ म्हणजे सोपं नव्हे, आणि जोड तिथे शिकायला मिळत नाहीत. त्यासाठी निकोस वेगमधला 20-30 सेकंदांचा संवाद घ्या. मजकुरावर आघात आणि थांबे खुणेने दाखवा, गिळलेली अक्षरं खोडा. मग ऑडिओच्या सोबत, अर्ध्या शब्दाच्या मागून, बोलत जा. तीनदा मजकूर बघून, तीनदा न बघता. शेवटी स्वतःचं फोनवर रेकॉर्ड करून मूळ वाक्याला लागून ऐका, पण एका वेळी एकच गोष्ट तपासा, आज फक्त आघात, उद्या फक्त शेवटचे स्वर. ज्याचा अर्थ कळत नाही त्यावर हा सराव करू नका, नुसती पुटपुट होते. आणि वेग कमी करायचा तर 0.75च्या खाली जाऊ नका, त्याखाली आवाज फाटतो.

चौथ्या कारणावर, म्हणजे अर्थ मागे पडण्यावर, एक वेगळा व्यायाम आहे. वीस सेकंद एकदाच ऐका आणि एका मराठी वाक्यात सांगा. जर्मनमध्ये क्रियापदाचा सुटणारा तुकडा आणि 'निश्त' हे नकाराचं रूप वाक्याच्या टोकाला येऊ शकतं. 'मी गोळ्या घेते' आणि 'घेत नाही' हे शेवटच्या शब्दावर ठरतं. मराठीतही 'नाही' शेवटीच येतं, तेव्हा शेवटपर्यंत थांबायची सवय तुम्हाला आहेच, ती इथे वापरा.

श्रवणाच्या परीक्षेत चार भाग असतात. पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. दोनदा ऐकवल्या जाणाऱ्या भागांत 10 आणि 8, म्हणजे बरोबर 18 प्रश्न येतात. पहिल्यांदा ऐकताना उत्तर नक्की करण्याची घाई तिथे करू नका, पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या वेळी फक्त शंका असलेल्या जागेसाठी कान द्या. एकदाच ऐकवल्या जाणाऱ्या भागांत एखादं उत्तर हुकलं तर ते तिथेच सोडा. त्याच्या मागे लागलात तर पुढची दोन जातात. प्रश्न वाचायला मिळणाऱ्या वेळात प्रश्नातला मुख्य शब्द जर्मनमध्ये कसा ऐकू येईल ते मनात म्हणून घ्या. संवादात एखादा वार किंवा वेळ आधी सांगून मग बदलतात, म्हणून पहिला आकडा ऐकू आला की लगेच खूण करू नका.

राहिला क्लासचा प्रश्न. जर्मन माणसाकडे महिनोन्महिने गप्पांचा वर्ग लावू नका. नुसत्या गप्पांमध्ये समोरचा सौजन्याने तुमच्या चुका समजून घेतो. त्याऐवजी उच्चार शिकवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षकाचे, मग तो जर्मन असो वा पुण्यातला, चार तास घ्या. प्रत्येक वेळी दोन मिनिटांचं स्वतःचं रेकॉर्डिंग आधी पाठवा आणि 'माझ्या कोणत्या तीन चुकांनी अर्थ बिघडतो' एवढंच विचारा. बी-टूचा क्लास आत्ता सुरू करू नका. तिथे बोलणं वेगवान असतं आणि तुमचा कान आहे तिथेच राहील. आठ आठवडे या कामाला द्या. तीन वेगवेगळे सराव संच, परीक्षेच्या नियमाने, मध्ये न थांबवता सोडवा. तिन्हीत 22च्या वर आलात की त्याच दिवशी श्रवणाचा फॉर्म भरा आणि बी-टूत नाव घाला. कुणाचे 18-19च येत असतील त्यांनी थांबावं, कारण परीक्षेच्या दिवशी धडधडीने दोन-तीन प्रश्न कमी होतातच.

आणखी एक. 2024मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार झाला, त्यामुळे इथल्या अनेक मुली तिकडे जायची तयारी करत आहेत. तुम्हीही तिकडेच जाणार असाल तर त्या राज्यातल्या श्वाबेन भागात 'इस्ट'चं 'इश', 'हास्ट'चं 'हाश' आणि 'निश्त'चं 'नेट' ऐकू येईल. हे बोलायला शिकू नका, फक्त ओळखा. वॉर्डात समजलं नाही तर 'पुन्हा सांगा' म्हणण्यापेक्षा जे ऐकलं ते उलट विचारा: 'डावी बाजू म्हणताय का?' चूक असेल तर रुग्ण तेवढाच शब्द दुरुस्त करून, सावकाश सांगतो. असे प्रश्न दहा-बारा आत्ताच तयार करून, जोड आणि आघातांसकट, पाठ करून ठेवा.